देवाच्या कोंडीत सोडलेले मासे

शेजारचे काका घराला कुलूप लावून मुलीकडे डोंबिवलीला राहायला गेले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांचा फोन आला. मी विचारलं, "काका, मासे कुणाला दिलेत? खिडकीतून टाकी रिकामी दिसते."

"देवाच्या कोंडीत सोडले गो," ते म्हणाले. "जित्ते जीव, टाकायचे कुठं? तू संध्याकाळची जातंस ना तिकडं? जरा नजर ठेव त्यांच्यावर."

ऐकून मला बरंच वाटलं. काकांचं काहीतरी गावात मागे राहिलं होतं.

आमच्या बाजूला तेव्हा दोनच घरं उघडी असत, त्यांचं आणि माझं. बाकीची शिमग्याला आणि गणपतीला उघडतात. माझा नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी रत्नागिरीला एका तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. रक्त, लघवी, शौच, जे येईल ते काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. उतरलं की आधी काकांच्या पडवीत चहा. त्यांनी सगळं आयुष्य लोट्याच्या एमआयडीसीत कंपनीची बस चालवण्यात घालवलं होतं, पाळीवाल्यांना आणायचं आणि पोचवायचं. काकी गेल्यावर ते गावी आले. माशांची टाकी नातवाने एका सुट्टीत हट्टाने आणवली होती. सुट्टी संपली, नातू गेला, मासे काकांच्या गळ्यात पडले. नारिंगी-सोनेरी, लांब शेपट्यांचे. आधी कुरकुरत आणि मग हळूहळू जीव लावून काकांनी ते सांभाळले. आम्ही चहा पीत त्यांच्याकडे बघत बसायचो. फार बोलणं होत नसे, पण समोर माणूस असे.

मग काकांना दोनदा चक्कर आली आणि मुलगी त्यांना घेऊन गेली.

देवाची कोंड म्हणजे आमच्या नदीतला खोल डोह. देवळाच्या खाली जांभ्याच्या पायऱ्या आहेत, त्या उतरल्या की पाणी. तिथले मासे कुणी धरत नाही. पाठ काळपट आणि अंगावर मोठी पिवळसर खवलं असलेले ते मासे देवाचे म्हणून ओळखले जातात. भाताचं शीत टाकलं की झुंडीने वर येतात. मी रोज डब्यातला उरलेला भात घेऊन जाऊ लागले. काळ्या पाठींमधून काकांचे मासे नारिंगी दिव्यांसारखे फिरत. रविवारी मी सांगायची, "आज सगळे दिसले. एक तर चांगला बोटभर वाढलाय." पलीकडून काका हसायचे. "इकडं खिडकीतून समोरची भिंत दिसते," ते एकदा म्हणाले. "तू सांगतंस तेवढीच माझी नदी."

माघ संपता संपता नदी वाहायची थांबली. आमच्या नद्यांचं असंच असतं. पावसात धडधडत पूर्णगडच्या खाडीकडे जातात आणि उन्हाळ्यात नुसते डोह उरतात. पाणी कोमट झालं. एका संध्याकाळी मला दिसलं की देवाचे मासे कडेच्या दगडाला अंग घासत होते. घासायचे, उलटायचे, पोट चमकायचं, पुन्हा घासायचे. जवळ आलेल्या एकाच्या कुशीतून पांढरा दोरा लोंबत होता. दुसऱ्याला तीन-चार दोरे, आणि मुळाशी लाल सूज. कडेला एक छोटा मासा मरून पडला होता, त्याच्याही कुशीत दोरा. मी तो डब्याच्या झाकणात घेतला.

दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर लॅबमध्येच चिमट्याने तो दोरा ओढला. सहज निघेना. मांसाचा तुकडा घेऊनच आला. काचेवर ठेवून बघितलं तर तो दोरा नव्हता. अख्खा प्राणी होता. एका टोकाला नांगरासारखी शिंगं, माशाच्या अंगात रुतवायला, आणि दुसऱ्या टोकाला अंड्यांनी भरलेल्या दोन पिशव्या. माणसाच्या पोटातले जंत मी हजार वेळा पाहिलेत. हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

फोटो काढून मी माशांचं शास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंना पाठवला. त्या ओळखीच्या नव्हत्या, लॅबमधल्या कुणीतरी नंबर दिला होता. त्यांनी लगेच फोन केला.

"हा नांगरी जंत. तुमच्या डोहात कुणी शोभेचे मासे सोडलेत का? सोनेरी, नारिंगी?"

"हो. सोडलेत," मी म्हटलं.

"हा बहुतेक त्यांच्यासोबतच येतो," त्या म्हणाल्या. "टाकीत औषध घालता येतं. नदीत काय घालणार? अंड्यांतून पिल्लं निघतात, पाण्यात पोहतात आणि दुसऱ्या माशाला चिकटतात. कोमट साचलेलं पाणी तर त्यांना हवंच असतं."

"मग आता?"

"पूर्ण जाणार नाही. ते रंगीत मासे तेवढे काढा, नाहीतर आणखी भर पडत राहील." मग त्या म्हणाल्या, "बेटांवरच्या नद्यांची ही गोष्ट आम्ही शिकवतो. माणसं बाहेरून मासे आणतात, त्यांच्या अंगातून जंत येतात, आणि तिथल्या माशांना पळायला दुसरी नदी नसते. आपल्या कोकणातल्या नद्या तरी वेगळ्या कुठे आहेत? प्रत्येक नदी सह्याद्रीवरून उतरते आणि एकटीच समुद्राला मिळते."

गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणे वरच्या बाजूला कुणीतरी औषध ओतलं. गुरव म्हणाले, "देवाचं काही राहिलंय. कौल लावायला हवा." काकांचं नाव माझ्या ओठांवर येऊन परत गेलं. म्हातारा माणूस, गावाबाहेर. त्याच्या पाठीमागे त्याचं नाव काढायचं मला जमलं नाही.

पण काकांना सांगायला हवं होतं. रविवारी नेहमीसारखा फोन आला. "काय गो बाय, माझी पोरं कशी हायत?"

मी सांगितलं. जंताचं, देवाच्या माशांच्या अंगावरच्या जखमांचं, प्राध्यापक बाई म्हणाल्या ते सगळं. काका अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "टाकीत असताना एकाला दोरा लटकत होता. मला वाटलं शेवाळ असंल. चिमटीत धरून काढला." मग म्हणाले, "सोडायच्या आदल्या दिवशीच काढला गो."

"तुम्हाला काय माहीत असणार काका?"

"नाय. माहीत नव्हतं." आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला तर मुलीने उचलला. म्हणाली, "बाबा झोपलेत." दुपारी चारला. मी पुन्हा केला नाही. संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर पाय आपोआप त्यांच्या पडवीकडे वळायचे, ते मुद्दाम सरळ ठेवावे लागत. घरी जाऊन रेडिओ लावायचा. कोंडीवर जाणंही मी सोडलं. भात कुत्र्याला घालायची. खरं सांगायचं तर मला माशांची तेवढी आठवण येत नव्हती. कुणाला तरी काहीतरी सांगायला असण्याची येत होती.

चैत्रात एका सुट्टीच्या सकाळी दारात काका उभे. खांद्याला पिशवी, अंग उतरलेलं. एकटेच गाडीने आले होते. मुलीशी भांडून आले असणार, पण ते काही बोलले नाहीत. स्वतःच्या घराचं कुलूपही उघडलं नव्हतं.

"बादली हाय?" त्यांनी विचारलं.

आम्ही कोंडीवर गेलो. पाणी आटून शेवटच्या पायरीला टेकलं होतं. काका खालच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले. पिशवीतून त्यांनी माशांच्या खाण्याचा जुना डबा आणि लहान जाळी काढली आणि डबा पायरीवर हळूहळू वाजवू लागले. टाकीच्या काचेवर तसाच वाजवायचे, खायला घालायच्या आधी. बराच वेळ काही झालं नाही. मग एक नारिंगी शेपटी वर आली. मग दुसरी. ते थेट त्यांच्या पायांपाशी आले. काकांनी एकेकाला जाळीत घेतलं. प्रत्येकाच्या अंगावर दोरे होते. दुपार होईपर्यंत आम्ही बसलो. मोजले तर पूर्वीइतके भरले नाहीत; बाकीचे मेले की खोल पाण्यात राहिले हे सांगता येणार नाही, पण नंतर एकही वर आला नाही.

"यांना टाकीत ठेवून औषध देता येतं," मी म्हटलं. "मी सांभाळीन."

काकांनी बादलीत बघितलं. "आणि उद्या तुला काय झालां तर? परत कुनीतरी दया येऊन सोडंल." त्यांनी मान हलवली. "नको."

त्यांनी स्वतःच्या परसात फणसाखाली खड्डा खणला. मला म्हणाले, "तू घरी जा, भात शिजत टाक." मी गेले. ते हातपाय धुऊन आले तेव्हा भात झाला होता. आम्ही कुळथाचं पिठलं आणि भात खाल्ला. त्यांनी दोनदा भात मागून घेतला आणि ताटात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. गावातली कुजबुज मी त्यांना सांगितली होती. जाताना म्हणाले, "गुरवाला सांग माझं नाव. खुशाल सांग."

मी गुरवांना गाठलं, जंत म्हणजे काय ते मोबाईलवरच्या फोटोत दाखवलं, आणि घरचे मासे कोंडीत सोडायचे नाहीत हे गावकीत सांगायला लावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. एकाने विचारलंच, "पण सोडले कोणी?"

"ज्याने सोडले त्यानेच काढले," मी म्हटलं. पुढे कुणी विचारलं नाही. कुणाला कळलं असेल तर असो.

पाऊस येऊन गेला, पुन्हा माघ आला. कोंडीत मासे आहेत, पूर्वीपेक्षा विरळ. काहींच्या कुशीवर जुने डाग आहेत, काहींना अजून दोरे दिसतात. मी महिन्यातून एकदा फोटो काढून प्राध्यापक बाईंना पाठवते. त्या "मिळाले" एवढंच लिहितात. काका आता पलंगावरून फारसे उठत नाहीत, असं मुलगी सांगते. परवा मी कोंडीवरून येत होते तर त्यांच्या पडवीत वाळकी पानं गुडघाभर साचलेली दिसली. खराटा आणला आणि अंधार पडेपर्यंत झाडत राहिले.