शेजारणीला आवडलेलं अत्तर

चिंचणीहून बोईसरला जाणाऱ्या शेअर रिक्षात एक मासेवाली रोज माझ्या शेजारी बसायची. पायाशी पाटी, बोलणं कमी. बायकोने दिलेलं लिंबू-संत्र्याच्या वासाचं अत्तर मी लावू लागल्यापासून ती बसल्याबरोबर डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची. ऑफिसात त्या अत्तराची कुणीच दखल घेतली नव्हती, म्हणून मी तिच्या बाजूच्या खांद्यावर मुद्दाम जास्तीचे फवारे मारू लागलो.

एकदा ती पाटीशिवाय, नवं लुगडं नेसून आली.

"लेकीला मुलगी झाली, बघायला चाललंय. हातांना मासळीचा वास हाय. तुमचा तो लिंबू हाय का जवळ?"

मी बॅगेतून बाटली काढून एखाद्या दानशूरासारखे तिचे दोन्ही तळवे भिजवले. बोईसर येईपर्यंत तिने ते नाकापासून हलवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत विचारलं, "काय म्हणते नात?"

"शिंकतच सुटली. हात धुतले, तवा गप झोपली मांडीवर."

त्यानंतर काही दिवस मी अत्तर लावलंच नाही. शेवटी एका सकाळी तीच म्हणाली, "नातीचं काय, ती लहान हाय. तुमी लावत जा."