राखीव डावखुरा

सातपूरच्या एका कंपनीने मला बेसबॉल खेळायला म्हणून नोकरीवर घेतलं आणि पुढची बरीच वर्षं बाकावर बसवून ठेवलं. सकाळी स्टोअरमध्ये नट-बोल्ट काढून द्यायचे आणि दुपारी मैदानावर जाऊन बसायचं. बसण्याचा पगार घेणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण त्यांच्यापुढे निदान टेबल असतं. मला उन्हातला बाक होता आणि डोक्यावर कंपनीची टोपी.

हा काळ नव्वद सालानंतरचा. नाशकात बेसबॉल म्हटलं की लोक "म्हणजे क्रिकेटच ना?" असं विचारायचे आणि आपण तोंड उघडेपर्यंत कांद्याच्या भावावर गेलेले असायचे. आमच्या पर्सोनेलच्या साहेबांनी परदेशात कुठेतरी हा खेळ पाहिला होता, आणि शेजारच्या कंपनीची कबड्डीची टीम फार मिरवत होती. एवढ्या दोन कारणांवर आमची टीम उभी राहिली.

या खेळात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो दमला किंवा ढेपाळला की त्याच्या जागी राखीव पिचर आणतात. तो राखीव मी. मला निवडलं ते डावखुरा म्हणून. लहानपणी डाव्या हाताने जेवतो म्हणून आई उलथनं उगारून उगारून दमली होती, आणि शेवटी त्याच हाताने मला नोकरी लावली. आईने हे कधीच कबूल केलं नाही.

हा हात तयार झाला तो आमच्या मळ्यात. दिंडोरी रोडला, शहर संपतं असं तेव्हा ज्या जागेला म्हणत तिथे आमचा मळा. कोबी, फ्लॉवर आणि दसऱ्या-दिवाळीला झेंडू. कोबी भरायची आमची एक रीत होती. वडील, म्हणजे आमचे दादा, टेम्पोत उभे राहून गड्डे रचायचे आणि मी खालून एकेक गड्डा त्यांच्याकडे फेकायचो. त्यांचे हात रिकामे झाले की ते "हो!" असा आवाज द्यायचे. तो आला की फेकायचं, बघायचं नाही. बघत बसलं तर टेम्पो भरायला संध्याकाळ होते. शाळेत जायला लागल्यापासून मी त्या "हो"वर फेकत आलो होतो. हात डोक्याला विचारत नसे.

तर आमची टीम. आमचे कोच एका शाळेतले पीटीचे सर होते. मुख्य पिचर सटाण्याकडचा, ताडमाड उंच, देखणा, आणि ते त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. चांगला टाकायचा, पण दोन-तीन डाव झाले की कंटाळायचा आणि प्रेक्षकांत कोण आलंय ते बघत चेंडू टाकायचा. मग समोरचे मारायला लागायचे. अशा वेळी सर टोपी काढून डोकं खाजवायचे. ती मला खूण. मी उठायचो, मैदानाच्या कडेला निंबाखाली जायचो आणि हात मोकळा करायला चेंडू टाकू लागायचो. माझे चेंडू झेलायला राखीव कॅचर असत. ते आमच्याच कंपनीच्या गेटवरचे वॉचमन, सुरगाण्याकडचे. त्यांना सगळे काका म्हणत. काका एका हाताने चेंडू झेलत आणि दुसऱ्या हाताने शेंगदाणे खात.

मी उठलो हे दिसलं की सटाणेकराच्या अंगात संचारायचं. आपली जागा हा निंबाखालचा माळ्याचा पोरगा घेणार? "बस भाऊ, मी शे ना आठे!" म्हणजे मी आहे ना इथे, असं त्याच्या अहिराणीत मैदानातूनच मला ओरडायचा, आणि पुढचे गडी असे बाद करायचा की बघत राहावं. सर टोपी घालायचे. मी परत बाकावर.

पहिल्या वर्षी मला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की सर मला टाकायला उठवतच नाहीत. बैल चालेनासा झाला की नुसता चाबूक दाखवतात, तसा ते मला दाखवतात. मी एकदा चिडून विचारलंही, "सर, मी प्रत्यक्ष कधी टाकायचं?"

"अरे, तुझ्यामुळे आपण जिंकतो," सर म्हणाले. "तू नुसता उभा राहिलास तरी पुरे."

हे ऐकून आनंद मानावा की निंबाला डोकं आपटावं ते मला कळेना. त्या झाडाखाली मी जे चेंडू टाकले ते एकेक असे होते की जगातला कुठलाही बॅटवाला थक्क झाला असता. पण ते पाहिले काकांनी. काकांचं म्हणणं एवढंच की चेंडू जरा हळू टाक, शेंगदाणे सांडतात.

घरी वेगळाच ताप. रोज संध्याकाळी दादा हौदावर हातपाय धुताना विचारायचे, "आज खेळला का?"

"नाही दादा, पण तयार होतो."

"तयार तर बैल बी असतो. औताला जुपल्याबिगर नांगरट व्हती का?"

मला लाज वाटायची. अगदी खरी लाज. गावातल्या पोरांना सांगायचो की मी टीममध्ये आहे, आणि दादा बाजूला बसून ते ऐकत असायचे. चारचौघांत त्यांनी मला कधी खोटं पाडलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटायची. एकदा, फक्त एकदा, दादांच्या डोळ्यांदेखत मी चेंडू टाकावा, एवढंच मला हवं होतं.

एका वर्षी कंपन्यांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. माळ्याच्या घरी तो दिवस म्हणजे लग्नघर. पहाटेपासून झेंडू तोडणं चालू, अंगणात फुलांचा ढीग, आई आणि वहिनी क्रेट भरताहेत, आणि मी टोपी घालून निघालो. दादांचा पारा चढला.

"खेळाया चालला का बसाया? बसायचंच तर हितं ढिगापाशी बस. फुलं तरी निवडून व्हतील."

मीही तावातावाने म्हणालो, "आज खेळणार आहे."

"बरं. मंग मी येतो बघाया. गंगेवर बाजारात माल न्यायचाच हाय, जाता जाता थांबतो. तू फेकला तर जन्मात इचारणार नाय. नाय फेकला तर दिवाळीनंतर नोकरी सोडायची अन् मळा बघायचा. हाय कबूल?"

मी कबूल म्हणालो. रागात माणूस काय वाटेल ते कबूल करतो. सायकलवर बसल्यावर भानावर आलो. सटाणेकर एकदम धडधाकट होता आणि अंतिम सामना म्हणून सबंध कंपनी बघायला येणार होती. प्रेक्षक असले की त्याला कंटाळाही येत नसे.

सामना शेवटच्या डावापर्यंत आला. आम्ही एका धावेने पुढे. त्यांचे दोन गडी बाद, तिसरा झाला की करंडक आमचा. त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर. बेस म्हणजे जमिनीवर ठोकलेली उशी. पळणाऱ्याचा पाय त्या उशीवर असेपर्यंत तो सुरक्षित. पाय सुटलेला असताना आमच्या माणसाने चेंडू हातात धरून त्याला शिवलं की तो बाद. त्यासाठी पिचरने बॅटवाल्याला न टाकता बेसकडे चेंडू फेकला तरी चालतो.

दादांचा टेम्पो कधीच आला होता. पहिल्या बेसच्या मागे, दोरीला लागून उभा केलेला, आणि दादा झेंडूच्या क्रेटच्या मध्ये टेम्पोत उभे. मी बाकावर. ते सामन्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घालून बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

आणि सटाणेकराचं नख तुटलं. चेंडू सोडताना कसं कोण जाणे, मधल्या बोटाचं नख निम्म्यातून उलटलं आणि चेंडूवर रक्त आलं. पंचांनी त्याला बाहेर काढलं. सरांनी टोपी काढली, पण डोकं खाजवायचं विसरून माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं जो नुसता दाखवला तो चाबूक खरंच ओढावा लागणार म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"जा," ते म्हणाले. "काही करू नकोस. फक्त टाक."

काका म्हणाले, "जा भाऊ. मी हाय हितंच." जसा काही मी गेटबाहेर चाललो होतो.

नव्या पिचरला आधी सरावाचे चेंडू टाकू देतात. माझा पहिला कॅचरच्या डोक्यावरून गेला. दुसरा त्याच्या पायाशी आपटून पंचाच्या नडगीला लागला. प्रेक्षकांतून आमचे साहेब उठून पाणी प्यायला गेले. निंबाखाली जे चेंडू दोरा ओवल्यासारखे जायचे त्यांना इथे काय झालं होतं? सराव संपला. पंच म्हणाले, "चला."

डावखुरा पिचर टाकायला उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड पहिल्या बेसकडेच असतं. मी चेंडू छातीशी धरून उभा राहिलो आणि समोर बघतो तर आधी त्यांचा पळणारा गडी, त्याच्या मागे आमचा बेस सांभाळणारा, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर, टेम्पोत, दादा. मला हात हलवता येईना. बॅटवाला वाट बघतोय, पंच वाट बघतोय, सगळं मैदान गप्प, आणि माझा हात शिशाचा झालेला. माझी ही गत बघून त्यांचा पळणारा निर्धास्त झाला आणि उशी सोडून ऐटीत चार पावलं पुढे आला.

तेवढ्यात आवाज आला, "हो!"

हाताने डोक्याला विचारलं नाही. पाय दादांच्या दिशेने पडला आणि मी आवाजाकडे फेकला. इतका सरळ चेंडू मी आयुष्यात टाकला नाही. तो दादांपर्यंत पोचलाही असता, पण वाटेत आमच्या माणसाने घाबरून तोंडापुढे ग्लोव्ह धरला आणि चेंडू त्यात बसला. पळणारा मागे वळेपर्यंत त्याला शिवून झालं होतं. पंचाने हात वर केला. तीन बाद. सामना संपला.

पुढचा गोंधळ विचारू नका. सरांनी मला मिठी मारली. "काय डोकं चालवलंस रे! मुद्दाम घाबरल्याचं सोंग!" सटाणेकर बोटाला फडकं गुंडाळून धावत आला, "तू ते लई हुशार निंघना रे भाऊ!" साहेबांनी पाण्याचा ग्लास हातात घेऊनच भाषण केलं. काका तेवढे जवळ येऊन हळूच म्हणाले, "हाक कोणाची व्हती?" मी टेम्पोकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले.

करंडकाबरोबर फोटो काढून होईपर्यंत दादा टेम्पोचा हॉर्न वाजवत राहिले. मी टीमच्या कपड्यांतच क्रेटवर जाऊन बसलो आणि आम्ही गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात, गेलो. दादा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "ह्यो आमचा धाकला. एका चेंडूत मॅच संपवली." गिऱ्हाईक माझ्याकडे आदराने बघायचं आणि भाव कमी करायला सांगायचं.

त्यानंतरही मी बरीच वर्षं त्या टीममध्ये होतो. सटाणेकराचं नख उगवलं, सर पुन्हा डोकं खाजवू लागले, मी पुन्हा निंबाखाली. पुढे मैदानावर कंपनीने शेड बांधली आणि टीम मोडली. बॅट घेतलेल्या माणसाला मी सामन्यात एकही चेंडू टाकला नाही. दादांनी शब्द पाळला, परत कधी विचारलं नाही.

मीच एकदा विचारलं. त्याच संध्याकाळी, गंगेवर, गिऱ्हाईक पांगल्यावर. म्हटलं, "दादा, ओरडलात कशाला? उशीर होत होता म्हणून?"

दादा उरलेली फुलं एका क्रेटमध्ये लोटत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"उशीर कशाचा," ते म्हणाले. "तू भ्यालेला दिसला मला. म्हटलं, त्या दांडकेवाल्याकडं नाय जमत तर ऱ्हाऊ दे, माझ्याकडं टाक. माझ्याकडं टाकलेला तुझा गड्डा कधी पडलाय का?"

मी रिकामे क्रेट उचलायला लागलो. दादा टेम्पोत चढले, हात पुढे केले आणि म्हणाले, "हो!"