हर्षाची वही

आमच्या शाळेचे संस्कृतचे मास्तर कुणीही भेटलं की आधी त्याचा हात बघत. ज्योतिषी म्हणून नव्हे, मनगटावरची लव बघायला. पोरांनी त्यांचं नाव काटामास्तर ठेवलं होतं. सुप्याजवळच्या त्या शाळेत मी नवीन लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आनंदानं अंगावर काटा कधी आला होता, बाई?" मला आठवेना. "मग तुम्हाला हर्ष झालेलाच नाही. नुसतं बरं वाटलंय."

हर्ष शब्द 'हृष्' धातूपासून आला आणि त्या धातूचा अर्थच अंगावरची लव उभी राहणं, हे ते आठवीच्या पोरांना अगदी तळमळून सांगत. पण पुस्तकातल्या अर्थावर त्यांचं भागत नसे, साक्षीदार लागे. त्यासाठी एक वही होती. कुणाची हरवलेली म्हैस सापडली, कुणाची अकोल्याला दिलेली लेक चार वर्षांनी दारात उभी राहिली. ज्याला काटा आला त्याचं नाव वहीत. पहिलं पान त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. निवृत्ती जवळ आली तरी ते कोरंच. मी हसायचे. आता त्या हसण्याची लाज वाटते.

दुष्काळात गावची विहीर खोल करायला घेतली. पाणी लागलं की आपलं पान भरणार, असं मास्तरांनी मला सांगून ठेवलं होतं. शाळा सुटली की बाही दुमडून ते काठावर हजर. एका संध्याकाळी खडकातून धार फुटली. माती उपसणारी पारूबाई ओरडली, "मास्तर, लिवा माजं नाव! ह्यो बगा काटा!" सगळे नाचत होते आणि मास्तर आपला हात न्याहाळत होते. काही नव्हतं. "टपून बसलं की येत नाही," एवढंच म्हणाले.

आठवड्यात धार आटली. पारूबाई शाळेत आली. "खोडा माजं नाव. पानी कुठं ऱ्हायलंय?"

"काटा आला होता ना? मग राहू दे."

त्यानंतर त्यांनी कुणाचा हात पाहिला नाही.

पुढच्या वर्षी त्यांना हिवताप झाला. घरी दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी जाऊन बसले. घोंगडीतून त्यांचा थरथरता हात बाहेर आला. लव ताठ उभी होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी फळीवरची वही काढली. "मास्तर, आला. लिहू?"

त्यांनी बराच वेळ हाताकडे पाहिलं. "नको, बाई. हा थंडीचा आहे."

तिसऱ्या दिवशी ते गेले. वही माझ्याकडे आहे. पहिलं पान कोरं आहे. माझंही नाव तिच्यात कुठं नाही.