बाथरूममधला पंच

मनोहर इंगळे गेल्याचं मला त्याच्या बायकोने, रत्नाने, फोनवर सांगितलं. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "येताना कोथिंबीर आणाल? सशांना सकाळपासून काही दिलंच नाही मी." घाटकोपर स्टेशनबाहेर मी जुडी घेतली आणि तिथेच उभा राहून रडलो. विकणाऱ्या बाईंना वाटलं असेल, भाव ऐकून.

मनोहर नोकरीला टेलिफोन खात्यात होता, पण आमची ओळख मैदानावरची. उपनगरातल्या क्लबांच्या सामन्यांत तो पंच असायचा आणि मी सीमारेषेबाहेर टेबल टाकून धावा लिहायचो. तो प्रसिद्ध होता उशिरासाठी. अपील झालं की गुडघ्यापर्यंतच्या पांढऱ्या कोटात, हात पाठीमागे बांधून, पुतळ्यासारखा उभा. गोलंदाज ओरडून दमायचा, आणि मग हा निर्णय द्यायचा. "इंगळे, झोपलास काय रे?" असं लोक ओरडायचे. एकदा क्लबच्या अध्यक्षांचे चिरंजीव पायचीत झाले, तेव्हा खुद्द अध्यक्ष हार घालून मंडपात बसलेले होते. मनोहर नेहमीइतकाच वेळ थांबला आणि बोट वर केलं. पुढच्या मोसमापासून त्याला सामने मिळेनासे झाले. का, ते कोणी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. कोट डांबरगोळ्यांसकट कपाटात गेला.

त्याची खरी पंचगिरी मी पाहिली ती त्यानंतर, निवृत्तीच्या काळात, त्याच्या बाथरूममध्ये.

झालं असं की रत्नाकडे पिंट्या नावाचा ससा होता, इमारत सोडून गेलेल्या भाडेकरूंनी मागे टाकलेला. एकटा राहून तो घुम्या झाला होता. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, ससा जोडीने राहणारा जीव, याला सोबत आणा. मुलुंडच्या एका कुटुंबाला त्यांची चिमी नकोशी झाली होती. ती बाल्कनीतल्या पिंजऱ्यात वाढलेली. महिनाभरात जमलं तर ठेवा, नाहीतर आम्ही दुकानात देऊन टाकू, असं त्यांनी सांगितलं. तिला परत त्या पिंजऱ्यात पाठवायचं नाही, हे रत्नाने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ती ऑपरेशनं दोघांची आधीच झालेली होती. आता काय, सोडायचं एकत्र, असं सगळ्यांना वाटलं.

हॉलमध्ये सोडलं, आणि हवेत लोकर उडाली. रत्ना मध्ये पडली, तिच्या मनगटाला पिंट्या चावला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, यांचं लग्न लावून द्या रीतसर, मुंडावळ्या बांधून. व्हिडिओ काय झकास होईल!" मनोहर म्हणाला, "काकू, लग्न लावून भांडणं मिटली असती तर आपल्या बिल्डिंगमध्ये केवढी शांतता असती."

डॉक्टरांनी सांगितलं, जिथे पिंट्याचा वास नाही अशा जागी भेटवा. आता वन रूम किचनमध्ये अशी जागा कुठून आणायची? पिंट्याने सोफ्यापासून सिलिंडरपर्यंत सगळीकडे हनुवटी घासून आपल्या मालकीचा वास लावलेला. राहिलं एक बाथरूम. पण फरशीवर सशांचे पाय घसरायचे आणि घाबरून ते अजूनच चवताळायचे. मनोहरने कपाट उघडलं. कोट दोनदा धुऊन, उन्हात वाळवून फरशीवर अंथरला. ज्या कोटाला इस्त्रीवाल्याशिवाय कोणी हात लावलेला त्याला चालायचा नाही, तो कोट!

"अरे, हा काय प्रकार?" मी विचारलं.

"ओल्या खेळपट्टीवर सामना होत नाही, दिलीप."

रोज सकाळी घरातल्यांच्या आंघोळी उरकल्या की तो आत, नळाजवळ, दाराकडे पाठ करून उभा राहायचा. रत्ना उंबऱ्यावर. मीही पुष्कळदा जायचो, घरी काही काम नसायचं. पिंट्या चिमीच्या अंगावर चढायचा. ती पळायची. हा मागे.

"अहो, सोडवा ना!"

"थांब."

"अहो, केस उपटले तिचे!"

"एक चावा म्हणजे भांडण नव्हे, रत्ना. नुसतं अपील आहे ते."

आपण दर वेळी मध्ये पडलो तर त्यांचं ठरायचंच राहून जातं, असं त्याचं म्हणणं. मात्र दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गरगर फिरू लागली की तो क्षणात वाकून मध्ये सुपली धरायचा आणि म्हणायचा, "ओव्हर." त्या दिवसाचा खेळ संपला. पुढे पुढे सुपली लागेनाशी झाली. दोघं समोरासमोर डोकं खाली घालून बसायची, तू मला आधी चाट म्हणून. कोणीच चाटायचं नाही. आमच्या क्लबातले दोन सेक्रेटरी असेच होते.

महिना संपत आला. मुलुंडहून फोन आला, रविवारी न्यायला येतो. त्या सकाळी रत्ना दारात रडत होती. पिंट्या उठला, चिमीच्या अगदी तोंडाशी गेला. "चावणार तो… अहो!" मनोहर हलला नाही. आणि माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. आयुष्यभर मी त्याला सीमारेषेवरून पाहिलं होतं, आणि इथे रोज माझे डोळे सशांवरच असायचे. पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ज्याला लोक झोपलास काय विचारायचे, तो माणूस दर वेळी असा स्वतःला धरून उभा होता तर!

पिंट्याने चिमीचं कपाळ चाटलं. मग डोळ्यांवर, मग कानांवर. मनोहरने हात सोडले. मनगटावर वळ उठले होते. "फोन करून सांग त्यांना," तो रत्नाला म्हणाला, "येऊ नका म्हणावं."

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी क्लबने शोकसभा ठेवली. फलकावर मनोहरपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. सभेनंतर अध्यक्ष दोन माणसांसह घरी आले. "वहिनी, इंगळेसाहेबांचा तो ऐतिहासिक कोट आम्हाला द्या. काचेच्या कपाटात ठेवू, दिवा लावू, खाली नाव."

रत्ना त्यांना बाथरूमजवळच्या कोपऱ्यात घेऊन गेली. कोट तिथे अंथरलेला होता. खिसे कुरतडलेले, कॉलर तर नाहीच. त्यावर पिंट्या आणि चिमी अंगाला अंग लावून पसरलेली.

"हा काय," ती म्हणाली. "उचला."

अध्यक्ष वाकले. पिंट्याने मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला. अध्यक्ष सरळ झाले. एकदा सशांकडे, एकदा रत्नाकडे बघू लागले. मी तिच्या मागे उभा होतो. ती अगदी शांत दिसत असणार त्यांना. हात पाठीमागे बांधलेले, आणि बोटं पांढरी पडलेली.

"राहू दे, वहिनी," शेवटी अध्यक्षच म्हणाले.