दिवलीबाईसाठी पायऱ्या

प्रिस्किलाबाईच्या सवयी रविनाला पाठ होत्या. चहा ती उभ्यानेच प्यायची. चढ लागला की चपला हातात. प्रार्थनेला गेली की बाक सोडून भिंतीशी बसायची. कुणाचं नवं घर बघायला गेल्यावर बाकीच्या बायका स्वयंपाकघरात शिरत, ही मागे जाऊन पाया बघून यायची. आणि साल ती कधी आकड्यात सांगत नसे. "आमची एस्तेर? चरणमाळच्या बांधाच्या वर्षी झाली."

नवापूरच्या डोंगरांत तिने तीस वर्षं दगडी बांध रचले. कधी रोजगार हमीवर, कधी वनखात्याकडे. पावसाळ्यात घरचं दोन एकर भात. रविना शेजारची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. वयात तीस वर्षांचं अंतर, पण एकीच्या ओट्यावर दुसरी आल्याशिवाय दिवस मावळत नसे.

सहलीचं खूळ रविनाचं. तिसरी दिवलीबाई, प्रिस्किलाची कामावरची जुनी जोडीदारीण. तिचा गुडघा कामातून गेला होता. यायला ती एकाच अटीवर तयार झाली. तिचं माहेर डांगात. आईबाप गेले, भाऊ सुरतेला, घराला कुलूप. सापुताऱ्याकडच्या एका जुन्या किल्ल्याच्या माथ्यावरून आपल्या गावामागचा डोंगर दिसतो, असं तिचा बाप सांगायचा.

"कुलूप बघून काय करू? तो डोंगर दाखवा. मग कुठंही न्या."

नवापूरहून व्याऱ्यापर्यंत मोठी गाडी, तिथून बसने उनाई, आणि पुढे वघईची छोटी गाडी. डबे खेळण्यातले वाटावेत एवढे. सागाची पानं खिडकीला घासत होती.

"हिच्यापेक्षा आमची म्हैस जोरात चालते," दिवलीबाई म्हणाली.

"म्हशीला खिडकी असते का गं?" प्रिस्किलाने विचारलं आणि ती खिडकी कुणाला द्यायला तयार होईना.

रविना दोघींकडे बघत होती. आपण यांना जग दाखवतोय, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपवाल्या दिनेशने गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उभी केली. "चारला निघायचं. नंतर घाटात धुकं उतरतं," त्याने बजावलं.

दिवलीबाईला दोन्हीकडून धरून त्या चढल्या. माथा अगदी जवळ आला आणि वाट संपली. दरवाजाखालच्या सात पायऱ्या ढासळल्या होत्या. तिथे नुसता सुट्या दगडांचा उतार होता. दिवलीबाईने एक पाय टाकला, दगड सरकले, ती मटकन खाली बसली.

"जा तुम्ही. कसा दिसतो ते सांगा."

"मी फोटो काढून आणते," रविना म्हणाली.

"फोटोत सगळे डोंगर सारखेच."

प्रिस्किला एव्हाना खालच्या झुडपात उतरली होती. "दगड इथेच आहेत," तिचा आवाज आला. "पडलेत, गेलेले नाहीत."

तिने पदर खोचला. एका वाळक्या फांदीची पहार केली. आधी भुसभुशीत माती उकरून खालचा कातळ मोकळा केला. मग दगड लोटत, तिरपे फिरवत एकेक वर आणू लागली. रविना हाताखाली.

"तो नको. त्याचं तोंड वाकडं."

"दगडाला तोंड असतं?"

"बी.ए.ला काय शिकवलं मग तुम्हाला?"

दगड ठेवून ती त्यावर उभी राही, अंग डोलवून बघे. जरा जरी हलला तरी खाली दगडाची बारीक चीप ठोके. सांध्यावर सांधा येऊ देत नव्हती. दिवलीबाई बसल्या जागेवरून ओरडायची, "डावीकडे पोकळ वाजतंय," आणि खरंच तिथे पोकळ असायचं. तीन वर्षं रविना शैली, रचना, बांधणी असले शब्द परीक्षेत लिहीत आली होती.

खालून नाशिकची चारपाच मंडळी आली. एका तरुणाने मोबाइल काढला. "मावशी, दुरुस्तीचं काम कुणी काढलंय? किती मजूर आहेत?"

"मजूर नाहीत," रविना म्हणाली. तिची मान आपोआप ताठ झाली. "आम्ही फिरायला आलोय."

"फुकट बघायला मिळतंय, बघून घ्या," प्रिस्किला म्हणाली. "नाहीतर दगडाच्या त्या टोकाला हात लावा."

त्याने मोबाइल खिशात टाकला आणि टोक उचललं.

साडेतीनला पाच पायऱ्या झाल्या. सहावीचा दगड नुसता टेकवला होता, सातवी बाकी होती, पण तिथे खाली पक्का कातळ होता. दिवलीबाई उठली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला. पाचही पायऱ्या ती कुणाला न धरता चढली. उरलेली उंची प्रिस्किलाच्या खांद्यावर हात ठेवून, वरून रविनाने ओढल्यावर.

माथ्यावर वारा होता. दिवलीबाईने डोळ्यांवर हाताची सावली धरली. बराच वेळ बघितलं.

"तो. त्याच्या पाठीला पोक आहे बघ. मन्याबाबाचा डोंगर." मग प्रिस्किलाकडे वळून म्हणाली, "तुझ्या हातचं काम कधी सरकलं नाही गं."

प्रिस्किलाने हातांची माती झटकली. "सरकेल कसं? शिकवलं कुणी?"

खालून दिनेशचा हॉर्न वाजू लागला. उतरताना प्रिस्किला सहाव्या पायरीशी वाकली. तिथला दगड ठेवून झाला होता, पण डाव्या अंगाला अजून डुलत होता. तिने एक चीप आत सारली. जाड निघाली. दुसरी शोधू लागली.

हॉर्न पुन्हा वाजला. रविनाने तिला दंडाला धरून उठवलं. सातवीसाठी हेरलेला लांब दगड झुडपाच्या कडेला तसाच पडून राहिला.