कंपनीचं घर पाहायला गेलो

जिकडेतिकडे 'खासगी, खासगी' सुरू झालं होतं, त्या दिवसांतली गोष्ट सांगते. आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती. जिचा नंबर लागे तिनं सगळ्यांना भजी करून घालायची अन् पैसे उचलायचे. कुणाची सून बाळंतपणाला अडली की नंबरवाली आपणहून मागं सरायची. काऊन म्हणून कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी माझ्या धाकट्या जावेचा नंबर लागला. तिला शिलाईची हातमशीन घ्यायची होती. जवळच्या भैंसा शहरातल्या दुकानात जाऊन तिनं ती चार वेळा फिरवूनही पाहिली होती! तेवढ्यात आमच्या नंदेचा दीर आला. एका नव्या कंपनीचा एजंट झालेला, भर उन्हाळ्यात गळ्यात टाय.

"वैनी, पैसे कंपनीत टाका. दुप्पट होतीन. मग एक काऊन, दोन मशिनी घ्या!"

सोयरा माणूस, तोंडावर नाही कसं म्हणायचं? जाऊ तर अर्धी पाघळलीच. मी म्हटलं, "पोरगी द्याची तर आपण घर पाह्यतो. पैसे द्याचे तर कंपनीचं घर नाई पाह्याचं?"

भिशीतल्या आम्ही चौघीजणी बसनं भैंशाला गेलो. न कळवता. सांगून गेलं की कुणाचंही अंगण सारवलेलंच दिसतं.

काचेचं दार, गार हवा, कुंडीत प्लास्टिकची फुलं. साहेब कोवळा अन् हसरा, बाजूच्या खुर्चीत नंदेचा दीर. त्यानं थंडा मागवला. आम्ही मुलाच्या घरी विचारतो तेच विचारायला लागलो.

"घरात मोठं माणूस कोण?"

"हेड ऑफिस हैदराबाद में है, अम्मा."

"अन् भांडण झालं तर कोणाच्या दारी याचं?"

तो नुसता हसला. जाऊ म्हणाली, "मधातच बाळंतपण निघालं तर पैसे भेटतीन?"

"नहीं अम्मा, मुद्दत के पहले नहीं. कंपनी का नियम है."

"काऊन? कंपनीले लेकीबाळी नाईत काय?"

आमच्यातली एक तोवर उठून मागचा पडदा सारून आली. मुलाच्या घरची चूल पाहिल्याशिवाय आम्ही उठत नाही. मागं घरमालकाची कापसाची पोती, बाकी काही नाही. नंदेचा दीर घामाघूम झाला, त्या गार हवेत.

"वैनी, हे काय करून राह्यल्या?"

"घर पाहून राह्यलो, भाऊ. तुमच्या भावाले आमची नणंद दिली तवा तुमचंबी पाह्यलं होतं. तुमच्याकडं निदान चूल तरी होती!"

आमच्या गावच्या सरकारी बँकेतला साहेब काही देवमाणूस नव्हता. अंगठा नीट उठला नाही म्हणून परत पाठवायचा, हसायचा तर कधीच नाही. पण तो आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचा, त्याची बायको आमच्याकडचं दूध न्यायची. त्याला बाजारात अडवून चार शब्द सुनावता यायचे. कंपनीला कुठं अडवणार? ती पुढं बुडाली नाही बरं का, दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. पाटी बदलली. जुन्या पाटीचं विचारलं की नवे साहेब तितकंच गोड हसून म्हणत, आमाले काय मालूम? लोक म्हणतात खासगी माणसं कामाला चोख. असतील. मला हसण्याचीच भीती वाटते.

त्या दिवशी मात्र जाऊ थंडा संपवून उठली, तो तिनं सोडला नाही, अन् थेट मशीनच्या दुकानात शिरली. कमरेच्या बटव्यातून पैसे काढून तिनं दोनदा मोजून दिले.

परतीच्या सरकारी बसमध्ये ती मशीन मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं मशीनचं वेगळं तिकीट मागितलं.

"मांडीवरच्या लेकराले तिकीट लागते काय?"

"ये बच्चा है, अम्मा? लोहा है!"

गावचा फाटा येईपर्यंत दोघं भांडली, सगळी बस हसत होती. शेवटी तिकीट फाडलंच त्यानं. अन् फाट्यावर आमच्या चौघींच्या आधी तोच खाली उतरला, मशीन घ्यायला हात वर करून.