वस्त्रगाळ

अतिदक्षता विभागात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती शंकाताई. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर एकेका खाटेपाशी थांबून औषधं ठरवत, सिस्टर लिहून घेत, आणि मंडळी पुढच्या खाटेकडे वळणार एवढ्यात मागून आवाज येई, "सर, एक शंका होती." की झालं! किडनी थकलेल्या माणसाला हे औषध एवढं सोसेल का? ही दोन औषधं एकाच नळीतून सोडली तर आत गोठणार नाहीत का? मोठे डॉक्टर कपाळाला हात लावत, पण कागदावर काट मारत. एकोणीस वर्षांतल्या त्या काटांमुळे किती जण आपल्या पायांनी घरी गेले, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. जो घात झालाच नाही, त्याची बातमी कोण देणार?

ती औषधतज्ज्ञ आहे म्हणजे नेमकी कोण, हे बाहेरच्यांना कधी कळलंच नाही. सासूबाई वर्षानुवर्षं "आमची सून औषधाच्या दुकानात असते" असंच सांगत, आणि येणारे-जाणारे तिच्याकडे खोकल्याचं औषध मागत. नवरा भाजी ढवळता ढवळता विचारी, "मीठ किती मिलिग्रॅम घालू?" ती हसे, आणि मग खरंच चव घेऊन सांगे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारी बाई ती. घरच्यांना या स्वभावाने जीव नकोसा केला होता. खाटेवर पडलेल्या माणसाला मात्र असंच कुणीतरी हवं असतं.

त्या मंगळवारी ती कामावर आली तेव्हा सात नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. पूर्वी सायकली दुरुस्त करायचे. नखांच्या कडेला वंगणाची काळी रेघ अजून होती. नाडी मिनिटाला अडतीस, रक्तदाब तर सापडतच नव्हता. हार्ट अटॅक म्हणावा तर तपासण्या तसं सांगत नव्हत्या, जंतुसंसर्ग म्हणावा तर अंगात ताप नव्हता.

"आज शंकाताई गप्प कशा?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

तिने आजोबांना ओळखलं होतं. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका येऊन ते इथेच होते. हातपाय सावरले, गिळणं तेवढं अवघड होऊन बसलं. घरी जाताना आजींना औषधं समजावून सांगितली होती ती हिनेच.

"यांची घरची औषधं बघून येते, सर," ती म्हणाली.

बाहेर बाकावर आजी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. हिला पाहताच त्यांच्या जिवात जीव आला. "बरं झालं बाई, तुम्ही आहात!" पिशवीतून त्यांनी एकेक पाकीट काढलं आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. कागदावर शंकाताईचंच अक्षर होतं. गिळता येत नसल्यास गोळी बारीक कुटून, केळ्यात कालवून द्यावी. 'बारीक'खाली दोन रेघा होत्या. जाडा कण घशात अडकून ठसका लागू नये, म्हणून तिनेच त्या मारल्या होत्या.

तेव्हाच्या सगळ्या गोळ्या कुटण्याजोग्याच होत्या. एकेक तपासून मगच तिने ती ओळ लिहिली होती. पण पाकिटांमध्ये आता एक नवं पाकीट होतं.

"ही कधीपासून, आजी?"

"दहा दिवस झाले. आमच्या घराजवळचे डॉक्टर भले आहेत हो. म्हणाले, दिवसातून तीन-तीनदा कशाला छळता त्यांना? रक्तदाबाची ही एकच द्या, दिवसभर पुरते."

दिवसभर पुरते, कारण ती पोटात चोवीस तास हळूहळू विरघळते. मात्र अख्खी गिळली तर. कुटली, तर दिवसभराचं औषध घटकाभरात रक्तात उतरतं आणि हृदयाला खाली दाबतं. पहिले काही दिवस आजोबांनी ते सोसलं असणार. मग नाडी मंदावली, तिच्यापायी किडनी थकली, आणि औषध अंगातच साठत गेलं.

विचारायचं तिच्या जिवावर आलं, पण विचारणं हेच तर तिचं काम होतं. "ही कशी देत होतात?"

"तुम्ही सांगितलंत तशीच!" आजी अभिमानाने म्हणाल्या. "खलबत्त्यात कुटायची, मग मलमलच्या फडक्यातून चाळून घ्यायची. अगदी वस्त्रगाळ! एकदासुद्धा ठसका लागू दिला नाही बघा मी."

ती आत परतली. "सर," एवढंच म्हणाली.

"बोला, काय शंका?"

"शंका नाही. खात्री आहे."

कुणीही हसलं नाही.

मग जे जे करता येतं ते सगळं झालं. कॅल्शियम दिलं, साखरेबरोबर इन्सुलिनचा मोठा डोस दिला, रक्तदाब वर ओढणारी तीन औषधं लावली, नाडीला टोचणी द्यायला हृदयापर्यंत तार घातली. शंकाताई खाटेशेजारी उभी राहून दर पंधरा मिनिटांनी हिशेब करत होती. तिचा एकही आकडा चुकला नाही, आणि एकाही आकड्याचा उपयोग होत नव्हता. तिची सगळी हुशारी औषध तोंडात पडण्याआधीची. एकदा ते रक्तात उतरलं की तीही इतरांसारखी पडद्यावरच्या रेघेकडे बघत राहणारी. दोन वाजता नाडी पन्नासवर गेली, सिस्टरने तिचा हात दाबला. अडीचला ती पुन्हा खाली आली. पावणेचारला मोठ्या डॉक्टरांनी आपले हात मागे घेतले.

"आजोबा गेल्याचं मी सांगतो," ते तिला बाजूला घेऊन म्हणाले. "गोळीचं आज काढू नका. रिपोर्टात आपण लिहूच. पण त्या बाईने उरलेले दिवस ते ओझं घेऊन कसे काढायचे?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. डॉक्टर सांगून गेले, आजी रडून घेऊन शांत झाल्या. शंकाताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. काहीच बोलायचं नाही, नुसतं बसायचं, असं तिने ठरवलं होतं.

आजींनीच विचारलं. "बाई, सकाळी मी वस्त्रगाळ म्हटलं, आणि तुमचा चेहरा उतरला. का हो?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "ती नवी गोळी कुटायची नव्हती, आजी. पण तुम्हाला ते कसं कळणार? औषध बदललं तर आधी मला विचारा, एवढी एक ओळ मी कागदावर लिहायला हवी होती. मी नाही लिहिली. चूक माझी आहे. तुमची नाही."

हे तिने अगदी मनापासून सांगितलं. पण दुसऱ्याचं दुःख असं मागून घेता येत नाही. आजींनी पुढचं काही ऐकलंच नाही. त्या 'कुटायची नव्हती'पाशीच थांबल्या होत्या. बराच वेळ त्या मांडीवरच्या कागदाच्या घड्या सारख्या करत राहिल्या, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"जरा जाडसर ठेवली असती तर?"

एकोणीस वर्षांत तिला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर तिला पाठ होतं. जाडसर कण सावकाश विरघळतात. आजींनी गोळी घाईघाईने, ओबडधोबड ठेचून दिली असती, फडकं घेऊन बसल्या नसत्या, तर आजोबा कदाचित आज घरी केळं खात बसले असते.

"नाही आजी," ती म्हणाली. "काही फरक पडला नसता."

"नक्की ना?"

"नक्की," शंकाताई म्हणाली. "शंकाच नको."